सहीच्या आधी

मी मध्यस्थाचं काम करते हे कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती प्रकरणं मिटवलीत?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, पण या प्रश्नाचं आकड्यात उत्तर द्यायला मला जड जातं. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करता करता मी मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि न्यायाधीश पाठवतील ती प्रकरणं हाताळू लागले. मिटलेले दावे पुष्कळ पाहिले. काहींत सह्या झाल्यावर दोन्हीकडची माणसं एकत्र चहाला गेली. काहींत एक बाजू घाईने निघून गेली आणि दुसरी बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून राहिली. कागद मात्र दोन्ही वेळा सारखेच होते. तीच तडजोड पुरसिस, पक्षकारांच्या आणि वकिलांच्या सह्या, वर निशाणी क्रमांक. रोजनाम्यातली नोंदही तीच.

फरक सहीच्या आधीच पडलेला असतो. ज्या माणसाला "नाही, मला हे मान्य नाही" असं म्हणून त्या खोलीतून उठून जाणं शक्य होतं, त्याने केलेली तडजोड बहुतेक वेळा टिकते. ज्याला ते शक्यच नव्हतं त्याची सही कागदावर असते, पण भांडण मिटलेलं नसतं. म्हणून दोघांना जवळ आणणं हे मी माझं दुसरं काम समजते. पहिलं काम म्हणजे समोरच्या माणसाला नकार देण्याइतकी जागा आहे का, हे पाहणं.

मध्यस्थीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं. त्यामुळे पुढे येणारी माणसं एकाच प्रकरणातली नाहीत. गावं, नाती, रकमा मी बदलल्या आहेत.

पुण्याभोवतीच्या मुळशी, हवेली, मावळ, खेड या तालुक्यांतली वाटपाची भांडणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. हिंजवडीला आयटी कंपन्या आल्या, चाकणला कारखाने आले, आता रिंगरोडचं भूसंपादन आलं. ज्या वरकस जमिनीकडे एके काळी कोणी फिरकत नव्हतं तिचा मोबदला मिळू लागला आणि सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, कुणाची राहिली, याचा शोध सुरू झाला. त्यात बहिणी सापडतात. वडील गेल्यावर फेरफाराच्या वेळी त्यांना बोलावलेलं असतं, "सही कर गं ताई" म्हटलेलं असतं, आणि साडीचोळी देऊन पाठवणी केलेली असते. कुठे रीतसर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र असतं, कुठे नुसताच तलाठ्यापुढचा जबाब.

कायदा बहिणीच्या बाजूने हळूहळू सरकत आला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. वडील त्या वेळी हयात हवेत का, यावर पुढे पंधरा वर्षं वाद चालला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटपांना धक्का लागत नाही. हे सगळं वकील तिला समजावून सांगतात. पण भावाशेजारी खुर्चीवर बसलेल्या बाईला यातलं एक वाक्यही उच्चारता येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

अशा बैठकीत भाऊ बोलतात. "आम्ही कधी ताईला नाही म्हटलंय? दिवाळीला, पंचमीला कमी केलंय काही? कोर्टात कशाला यायचं, घरात बसून मिटवलं असतं." ते खोटं बोलत नसतात. पंचमीला गाडी घेऊन आणायला गेलेले असतात, आजारपणात धावलेले असतात. आई मध्ये बसलेली असते आणि पदराशी चाळा करत एकदाच म्हणते, "लेकरांनो, माझ्या डोळ्यांदेखत मिटवा." या एका वाक्यावर किती सह्या झाल्या असतील!

मग मी एकेकाला स्वतंत्र बसवते. बहिणीला हिस्सा किती हवा हे मी लगेच विचारत नाही. मी विचारते, "आज इथे काहीच ठरलं नाही, तर उद्या तुमचं काय होईल?"

एकीने सांगितलं, "माहेर तुटेल हो मॅडम. मला अजून दोन पोरींची लग्नं करायची आहेत. मामा नको का मांडवात?" दुसरी आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "हिस्सा घेतल्याशिवाय घरात पाय ठेवू नकोस म्हणून सांगितलंय मला." दावा तिच्या नावावर होता, पण तो लढत होते तिचे मिस्टर आणि दीर. भावांपुढे नाही म्हणायची तिला सोय नव्हती आणि सासरी हो म्हटल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाहेरच्या खोलीत दोन्ही पक्षांचे वकील आकड्यांवर बोलत होते आणि तिला काय हवंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही ते पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

अशा ठिकाणी घाई करायची नाही, हे मी ठरवून टाकलं आहे. त्या दिवशी कुणी कितीही राजी झालं तरी पुढची बैठक लावायची. मधल्या काळात तिने एकटीने यायचं, आपल्या वकिलाशी एकटीने बोलायचं, गावातल्या जमिनीचा चालू भाव स्वतः विचारून घ्यायचा. वाटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घ्यायचा. स्त्रियांना तो उत्पन्नाची अट न घालता मिळतो, हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला तीच बाई खुर्ची थोडी पुढे ओढून बसते. बोलते.

त्या दुसऱ्या बहिणीला शेवटी जमीन नको होती. भूसंपादनाच्या मोबदल्यातला तिचा वाटा तिला हवा होता आणि तो फक्त तिच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात. राहत्या घरातली एक खोली आईच्या हयातीत आणि नंतरही तिच्यासाठी राहावी, असं तिने मागितलं. भावांनी विहिरीजवळचा तुकडा मागितला, कारण ऊस त्याच पाण्यावर होता. तिने तो आनंदाने सोडला. खोलीच्या कलमावर धाकटा भाऊ रडला. "हे लिहून घ्यायला लागतं का ताई?" तिने शांतपणे सांगितलं, "लागतं." मी ते कलम स्वतः लिहिलं. तो हुकूमनामा अजून उभा आहे.

असं कलम नेमकं लिहावं लागतं, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे तडजोड लेखी हवी, सह्या हव्यात, कायदेशीर हवी. आणि एकदा तिच्यावर हुकूमनामा झाला की कलम ९६ त्यावर अपील करू देत नाही. तडजोड बेकायदा होती म्हणून नवा दावाही लावता येत नाही, त्याच न्यायालयात जावं लागतं. लोकअदालतीतल्या निवाड्यावरही अपील नाही. कोर्ट फी परत मिळते, लवकर सुटका होते, आणि दार कायमचं बंद होतं. निकालाने हरलेल्या माणसाला वर दाद मागता येते, सहीने हरलेल्याला जवळजवळ नाही. म्हणून सही ही निकालापेक्षा वजनदार गोष्ट आहे, असं मी प्रत्येक पक्षकाराला सांगते. "योग्य ती रक्कम सोयीने द्यावी" अशी ढोबळ वाक्यं मी कागदावर येऊ देत नाही. किती, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, मोजणीची फी कोण भरणार, तारीख चुकली तर काय, हे सगळं त्यात हवं. नाहीतर दावा मिटतो आणि अंमलबजावणीची दरखास्त सुरू होते.

नकाराची जागा कधी नात्यामुळे आक्रसते, तर कधी निव्वळ पैशाच्या निकडीमुळे. मोटार अपघाताच्या दाव्यांत हे उघड दिसतं. नवरा टेम्पो चालवायचा, वय बत्तीस, महिन्याला पंधरा हजार कमवायचा. मागे बायको, दोन मुलं, सासू. विमा कंपनीचा माणूस लोकअदालतीच्या आधी म्हणतो, "अठरा लाख घ्या, महिन्याभरात चेक." जूनमध्ये शाळेची फी भरायची असते, घरभाडं थकलेलं असतं. अठरा लाख हा आकडा त्या घरात आजवर कुणी पाहिलेला नसतो.

इथे मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर हिशेब मांडते, कारण तो हिशेब सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला आहे. २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी या निवाड्यांतून तो येतो. स्वतःचा धंदा करणारा, चाळिशीच्या आतला, म्हणून भावी उत्पन्नासाठी चाळीस टक्के वाढ: पंधरा हजारांचे एकवीस हजार. अवलंबून असलेले चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. एकतीस ते पस्तीस वयासाठी सोळाने गुणायचं: ३०,२४,०००. त्यावर अंत्यविधी, सहवास वगैरेंच्या ठरलेल्या रकमा आणि व्याज.

उत्पन्न सिद्ध करण्यात अडचण असू शकते, निकालाला वेळ लागू शकतो, विमा कंपनी अपिलात जाऊ शकते. म्हणून सत्तावीस लाखांवर आज सही करणं शहाणपणाचं ठरू शकेल. अठरावर नाही. हा हिशेब समजला की ती बाई कंपनीच्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघते. सगळ्याच वेळी रक्कम वाढते असं नाही, पण तिला निदान आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असतं. शक्य असेल तिथे मी न्यायाधिकरणाकडे अंतरिम रकमेचा अर्ज आधी निकाली काढण्याची विनंती वकिलांना करते. फी भरली गेली की माणूस थांबू शकतो.

निकडीपोटी केलेली सही भांडण मिटवत नाही, हा धडा पुणे जिल्ह्याने फार पूर्वी गिरवला आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली ती खतं आणि रोखे हाती घेऊन जाळण्यासाठी. त्या कागदांवर त्यांचेच अंगठे होते. चौकशी झाली आणि १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. या कायद्याने दोन वाटा काढल्या, आणि मला त्या दोन्ही शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. एक वाट अशी की न्यायाधीशाने खताच्या मागे जायचं, कर्ज मुळात किती होतं, व्याज कसं चढत गेलं, हे खोदून काढायचं आणि मगच हुकूमनामा करायचा. दुसरी वाट सलोख्याची: दावा लावण्याआधी सरकारने नेमलेल्या मध्यस्थापुढे जायचं, तिथे जी कबुली होईल तिला हुकूमनाम्याचं बळ. पहिल्या वाटेत कुणीतरी अंगठ्याच्या मागे बघत होतं. दुसऱ्या वाटेत शेतकरी पुन्हा सावकारासमोर बसला होता, पुढच्या पेरणीला बी त्याच्याकडूनच यायचं होतं. मला त्यातली पहिली वाट आजच्या मध्यस्थासाठीही खरी वाटते. सलोखा करणाऱ्यानेच खताच्या मागे बघितलं पाहिजे.

आमच्या न्यायालयातून संगम पुलावरून निघालं की येरवडा तुरुंग फार लांब नाही. तिथे २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेला करार मी वकील म्हणून पुन्हा पुन्हा वाचला आहे. ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत स्वतंत्र मतदारसंघातून एकाहत्तर जागा दिल्या होत्या. गांधीजींना स्वतंत्र मतदारसंघ मान्य नव्हते, हिंदू समाज त्याने कायमचा दुभंगेल असं त्यांचं मनापासूनचं म्हणणं होतं. २० सप्टेंबरला त्यांनी तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. वाटाघाटींत तेजबहादूर सप्रू आणि बॅरिस्टर जयकर यांच्यासारखे अव्वल दर्जाचे कायदेपंडित होते. राखीव जागा एकाहत्तरवरून एकशे अठ्ठेचाळीस झाल्या, त्यातल्या मुंबई इलाख्याला सिंधसह पंधरा. मतदारसंघ संयुक्त झाले. उमेदवारांची चौघांची यादी आधी अस्पृश्य मतदारांनी निवडायची, ही प्राथमिक फेरी दहा वर्षांसाठी ठरली. राखीव जागा कधीपर्यंत, हा मुद्दा अडला, तेव्हा तो दोन्ही पक्षांच्या पुढच्या सहमतीवर सोडला.

आकडे पाहिले तर कुणीही म्हणेल की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुपटीहून जास्त मिळवलं. पण बाबासाहेबांना त्या आठवड्यात नाही म्हणता येत होतं का? गांधीजींचं काही बरंवाईट झालं असतं तर गावोगावच्या वस्त्यांवर काय कोसळलं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! समोर एका माणसाचा प्राण, मागे आपल्या लाखो माणसांची सुरक्षितता, आणि घड्याळ चाललेलं. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी या करारावर कठोर टीका केली, आणि १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा मांडली. पंधरा वर्षांनीही ज्याच्यावर सही केली ते त्यांना मनाने मान्य नव्हतं. गांधीजींच्या हेतूबद्दल मला शंका नाही, त्या दिवसांत कितीतरी मंदिरं आणि विहिरी खुल्या झाल्या हेही खरं. तरी मध्यस्थाच्या खुर्चीतून पाहताना मला दिसतं ते हेच की प्रेमाने टाकलेलं दडपणही दडपणच असतं. डोळ्यांदेखत मिटवा म्हणणाऱ्या आईसमोर बसलेली बहीण मला या करारामुळे जास्त नीट कळली.

काही ठिकाणी तर खोलीत बसवणंच चूक आहे. बलात्काराच्या खटल्यात पीडितेने आरोपीशी समझोता केला, लग्नाची तयारी दाखवली, असले कागद न्यायालयांपुढे येत. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मदनलाल प्रकरणात निःसंदिग्ध सांगितलं की अशा गुन्ह्यात तडजोडीचा विचारही करता येणार नाही. कौटुंबिक हिंसेच्या तक्रारीत "नांदायला पाठवा, मिटेल" असं नातेवाईक सांगतात, तेव्हा मार खाल्लेल्या बाईला मारणाऱ्याशेजारी बसवून मी वाटाघाट करत नाही. आधी तिला राहायला सुरक्षित जागा, हातात थोडे पैसे, मग बोलणं. संमतीने घटस्फोट घेणाऱ्या जोडप्यांत मात्र मी सुंदर तडजोडी पाहिल्या आहेत. दोघंही कमावते, दोघांनाही परत जायला घर, मुलाच्या शाळेच्या वेळा हाच काय तो वाद. तासाभरात कागद तयार होतो आणि वर्षानुवर्षं पाळला जातो.

जमिनीतही निखळ सलोखा दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच्या नावची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नावची पहिला, कारण आजोबांच्या काळात मोजणीत किंवा अदलाबदलीत नोंद राहून गेली. यासाठी राज्य सरकारने २०२३च्या सुरुवातीला सलोखा योजना आणली. ताबा किमान बारा वर्षांचा असेल तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार, एवढंच. इथे दोघांच्याही पायाखाली जमीन आहे, दोघांनाही थांबणं परवडतं, आणि दोघांनाही मिटण्यात फायदा आहे. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतू चांगला होता, पण गावाला बक्षीस मिटलेल्या तंट्यांवर मिळू लागलं की ज्याचा आवाज बारीक त्याच्यावर मिटवण्याचा भार पडण्याची भीती असते. लोकअदालतीच्या शनिवारी आकडे जाहीर होतात तेव्हाही माझ्या मनात तीच भीती येते.

संसदेने २०२३ साली मंजूर केलेल्या मध्यस्थी कायद्यात समझोत्याला आव्हान देण्याची कारणं मोजकी आहेत: फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, आणि मध्यस्थीला मुळातच न चालणारा विषय. दडपण त्या यादीत वेगळं म्हणून नाही. त्यामुळे ते ओळखण्याची जबाबदारी सहीच्या आधी, खोलीत बसलेल्या मध्यस्थावरच येते.

नव्याने मध्यस्थ होणारे तरुण वकील कधी कधी माझ्या बैठकांना येऊन बसतात. त्यांना मी तीन गोष्टी करायला लावते. प्रत्येक पक्षकाराशी एकट्याने बोलल्याशिवाय मसुदा लिहायचा नाही. रकमेची तडजोड असेल तर निकालात अंदाजे काय मिळेल त्याचा हिशेब त्याच्यासमोर मांडायचा. आणि सहीच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारायचं, "अजून नाही म्हणायचं आहे का? चालेल." काही जण खरोखर नाही म्हणतात, वकील वैतागतात, प्रकरण परत न्यायाधीशांकडे जातं आणि अहवालात "तडजोड झाली नाही" असं लिहिलं जातं. माझी मागणी आहे की मध्यस्थीच्या अहवालात एक रकाना वाढवावा: झालेल्या तडजोडींपैकी किती पाळल्या गेल्या, आणि दोन वर्षांनी पक्षकारांना त्याबद्दल काय वाटतं, हे विचारून लिहिण्यासाठी. त्यासाठी मध्यस्थी केंद्रात एक माणूस आणि एक फोन पुरेल.